अर्जातील ‘मी’ : वैद्यकीय प्रवेशअर्जाचा तौलनिक इतिहास

अर्ज या लेखनप्रकाराला साहित्याच्या इतिहासात सहसा जागा मिळत नाही. पत्र, रोजनिशी, आत्मचरित्र, प्रवासवृत्त यांना आत्मपर लेखनाच्या चर्चेत मानाचे स्थान असते. अर्जाला मात्र दप्तरातला कागद समजून बाजूला सारले जाते. मराठीपुरते बोलायचे तर ही उपेक्षा काहीशी आश्चर्याची आहे. ‘अर्ज’ हा शब्द फार्सी राज्यव्यवहारातून मराठीत आला आणि सोळाव्या शतकातच संत एकनाथांनी ‘अर्जदस्त’ या सरकारी कागदाचे रूप घेऊन रूपकात्मक रचना केली. देहाला परगणा आणि जीवाला त्या परगण्यावरील अंमलदार कल्पून धन्याकडे दाद मागणारी ही रचना दोन गोष्टी सुचवून जाते. दप्तराच्या साच्यातही ‘मी’ बोलू शकतो, ही पहिली. त्याने कोणत्या रीतीने बोलायचे हे ऐकणाऱ्याने आधीच ठरवून दिलेले असते, ही दुसरी.

प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या गोष्टीचा मागोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जाच्या आधारे घ्यावयाचा आहे. वैद्यकीय शिक्षणाच्या जागा नेहमीच मोजक्या आणि मागणी मोठी असल्यामुळे, ‘योग्य कोण’ या प्रश्नाचे समाजाने त्या त्या काळी दिलेले उत्तर या अर्जाच्या रकान्यांत स्पष्ट उमटते. आज अमेरिकेत आणि भारतात हा अर्ज संगणकाच्या पडद्यावरच भरला जातो. तंत्र एक असले तरी दोन्हीकडचे रकाने सारखे नाहीत. एकीकडे अर्जदाराला आपली कथा सांगावीच लागते, तर दुसरीकडे ती सांगायला जागाच ठेवलेली नाही. या भिन्नतेचे मूळ दोन्ही देशांच्या सामाजिक इतिहासात आहे, आणि तो इतिहास चार अर्जांच्या आधारे वाचता येतो.

१. पत्ररूप अर्ज

पहिला अर्ज आनंदीबाई जोशी यांचा. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयात त्यांनी आपल्या अमेरिकागमनाचे समर्थन करणारे इंग्रजी भाषण केले, एप्रिलमध्ये कलकत्त्याहून प्रयाण केले आणि जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस, न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबाकडे राहत असता, त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित आल्फ्रेड जोन्स यांना प्रवेशासाठी पत्र लिहिले. त्या वेळी त्यांचे वय १८ वर्षांचे होते.

या पत्राची रचना पाहण्यासारखी आहे. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करू शकत नाही, हे आनंदीबाई मोकळेपणाने मान्य करतात आणि आपले प्रकरण अपवादात्मक असल्यामुळे महाविद्यालयाने सवलत द्यावी अशी अपेक्षा व्यक्त करतात. त्यासाठी त्यांनी मांडलेले प्रमाण परीक्षेच्या गुणांचे नाही. आप्तांचा आणि ज्ञातीचा एकत्रित विरोध पत्करून ज्या निर्धाराने आपण इथवर आलो, तो निर्धारच पुढील अभ्यासाची हमी आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींची वेदना त्या या युक्तिवादाच्या पाठीशी उभी करतात. येथे ‘मी’ एकवचनी राहत नाही. तो एका मूक समूहाचा वकील होतो.

महाविद्यालयाने हा अपवाद मान्य केला. रेचेल बॉडली तेव्हा तेथे अधिष्ठाता होत्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली; प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मराठी वाचकाला हा वृत्तांत परिचित आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, पत्र या माध्यमाने अर्जदाराला नियमाबाहेरचे बोलण्याची मुभा दिली होती. काय सांगायचे, कशापासून आरंभ करायचा, कशाला महत्त्व द्यायचे, हे लिहिणारीच्या हाती होते.

२. छापील रकान्यांचे युग

विसाव्या शतकाच्या आरंभी ही मोकळीक आटली. १९१० साली अब्राहम फ्लेक्स्नर यांचा अमेरिकी वैद्यकीय शिक्षणावरील अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या काळात अनेक दुबळी महाविद्यालये बंद पडली, उरलेल्यांची प्रतिष्ठा वाढली आणि जागांची चुरसही वाढली. निवडीचे काम मोठे झाले, तसा छापील अर्ज आवश्यक झाला.

छापील अर्ज सर्वांना सारखाच प्रश्न विचारतो, म्हणून तो निःपक्षपाती असतो, असा आपला समज असतो. इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवण्याची इच्छा अमेरिकेतील प्रतिष्ठित विद्यापीठांत पहिल्या महायुद्धानंतर बळावली. १९१९ साली कोलंबिया विद्यापीठाच्या पदवीपूर्व प्रवेशअर्जात धर्म, वडिलांचे जन्मस्थान, आईचे माहेरचे नाव असे रकाने आले आणि छायाचित्रही मागितले जाऊ लागले. १९२२ साली हार्वर्डच्या अर्जाने याहून पुढे जाऊन, जन्मानंतर स्वतःच्या अथवा वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे काय, असे विचारले. वैद्यकीय महाविद्यालयांतही पुढील दोन दशके अशीच अलिखित मर्यादा चालू राहिली आणि धर्म, जन्मस्थान व कुलनाम यांविषयीचे प्रश्न तिला साहाय्यभूत ठरले.

नावातील बदलाविषयीच्या प्रश्नाचा अन्वय भारतीय वाचकाला वेगळ्याने सांगण्याची गरज नाही. आडनाव ऐकून जात ओळखणाऱ्या समाजात, आडनाव बदलणाऱ्यालाही अखेर कोणता प्रश्न विचारला जातो, हे आपण जाणतोच. त्याच काळात ‘चारित्र्य’, ‘व्यक्तिमत्त्व’ आणि मुलाखत यांना प्रवेशप्रक्रियेत वजन आले. गुणांनी ज्याला नाकारता येत नाही त्याला व्यक्तिमत्त्वाने नाकारता येते. अर्जदाराने स्वतःविषयी लिहावे ही मागणी, आज आपल्याला उदारमतवादी वाटणारी, काही अंशी या वगळण्याच्या व्यवहारात वाढली, हे तौलनिक अभ्यासकाने नजरेआड करू नये.

३. न भरलेला अर्ज

तिसऱ्या अर्जाचे वैशिष्ट्य असे की तो बहुधा भरलाच गेला नव्हता. मद्रास प्रांतात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या जागा जातवार आदेशान्वये वाटल्या जात. प्रत्येक १४ जागांपैकी ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागास हिंदूंना २, ब्राह्मणांना २, हरिजनांना २, अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिस्ती यांना मिळून १ आणि मुसलमानांना १ अशी ती वाटणी होती. राज्यघटना अमलात आल्यानंतर चंपकम दोराईराजन यांनी या आदेशास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५१ रोजी तो आदेश घटनाबाह्य ठरवला. त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये चौथे उपकलम आले आणि मागास वर्गांसाठी शिक्षणात विशेष तरतूद करण्याचा मार्ग मोकळा झाला.

या निकालपत्रातील एक तपशील सहसा चर्चेत येत नाही. चंपकम यांनी महाविद्यालयात प्रत्यक्ष अर्ज केल्याचे त्यांच्या प्रतिज्ञापत्रावरून दिसत नाही, अशी नोंद न्यायालयाने केली आहे. आपण ब्राह्मण असल्याने प्रवेश मिळणार नाही असे चौकशीअंती कळले, इतकेच त्यांचे म्हणणे होते. शासनाने यावर हरकत घेतली नाही, म्हणून न्यायालयाने तो मुद्दा पुढे नेला नाही. परंतु अर्ज न करता दाद मागण्याच्या रीतीला आपली संमती आहे असे समजू नये, असेही बजावले. भारतीय समतेच्या इतिहासातील एक निर्णायक वळण अशा रीतीने एका कोऱ्या अर्जाशी जोडलेले आहे.

या कोऱ्या कागदाचा अर्थ दोन बाजूंनी लावावा लागतो. अर्ज भरण्याआधीच त्याचे उत्तर ठरलेले आहे, ही चंपकम यांची तक्रार होती. मात्र शतकानुशतके शाळेच्या दारापर्यंतही न पोहोचलेल्या जातींचे अर्जसुद्धा कोरेच राहिले होते, आणि त्यांच्या वतीने प्रतिज्ञापत्र करणारा कोणी नव्हता. घटनादुरुस्ती ही त्या दुसऱ्या, कोठेही नोंद नसलेल्या कोऱ्या अर्जांना दिलेले उत्तर होय. समतेच्या चर्चेत केवळ भरलेले अर्ज मोजले, तर निम्मा इतिहास हातातून निसटतो.

४. बदललेला प्रश्न

चौथा अर्ज कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाचा. तेथील १०० जागांपैकी १६ जागा विशेष प्रवेशयोजनेसाठी राखून ठेवल्या होत्या. १९७३ आणि १९७४ अशी दोन वर्षे अर्ज करूनही प्रवेश न मिळालेल्या ॲलन बाकी यांनी याविरुद्ध दावा लावला. २८ जून १९७८ रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने बाकी यांना प्रवेश देण्याचा निर्णय कायम केला, वंशाधारित राखीव जागा अमान्य केल्या, परंतु निवडीत वंश हा अनेक घटकांपैकी एक मानण्यास वाव ठेवला.

निकालपत्रात नोंदवलेला अर्जातील पाठभेद साहित्याच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावा असा आहे. १९७३ च्या अर्जात, आपला विचार ‘आर्थिक अथवा शैक्षणिकदृष्ट्या वंचित’ अर्जदार म्हणून व्हावा काय, असे विचारले होते. १९७४ च्या अर्जात त्या जागी ‘अल्पसंख्य गटाचे सदस्य’ म्हणून विचार व्हावा काय, असा प्रश्न आला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणारा आपली परिस्थिती सांगतो; दुसऱ्याचे उत्तर देणारा आपली ओळख सांगतो. एका वर्षात एका रकान्याची शब्दरचना बदलली आणि उत्तर देणाऱ्या ‘मी’चे स्वरूपच पालटले. आपल्याकडे ‘मागास’ म्हणजे जात की परिस्थिती, हा वाद अनेक दशके चालू आहे. त्याचेच हे परकीय भूमीवरील रूप होय.

५. पडद्यावरील अर्ज

एकविसाव्या शतकात हे सारे संचित ऑनलाइन अर्जात उतरले. अमेरिकेतील बहुसंख्य वैद्यकीय महाविद्यालयांसाठी एक सामाईक अर्ज भरावा लागतो. त्यात वैद्यकीय शिक्षण का घ्यावयाचे, हे सांगणारे निवेदन रिकाम्या जागांसह ५,३०० अक्षरचिन्हांत बसवावे लागते. अनुभवांच्या नोंदी १५ हून अधिक करता येत नाहीत. त्यांतील तीन सर्वांत अर्थपूर्ण म्हणून निवडून त्यांविषयी थोडे अधिक लिहिता येते. २९ जून २०२३ च्या निकालाने अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने वंशाच्या आधारे निवड करण्यास मनाई केली. मात्र वंशाने आपल्या आयुष्यावर काय परिणाम केला हे अर्जदाराने निबंधात सांगण्यास आडकाठी ठेवली नाही. जे पूर्वी रकान्यात एका खुणेने सांगता येई, ते आता कथा म्हणून सांगावे लागते. ज्याला कथन साधते त्याचे दुःख दिसते. ज्याला साधत नाही त्याचे दिसत नाही.

भारतात २०१६ पासून ‘नीट’ ही वैद्यकीय पदवीप्रवेशाची देशव्यापी पात्रता-परीक्षा झाली. २०२४ साली तिच्यासाठी सुमारे २४ लाख उमेदवारांनी नोंदणी केली. तिच्या ऑनलाइन अर्जात नाव, प्रवर्ग, शैक्षणिक तपशील, छायाचित्र, स्वाक्षरी आणि बोटांचे ठसे मागितले जातात. ‘का’ हा प्रश्न कोठेही नाही. या मौनात एक न्याय आहे. व्यक्तिमत्त्वाच्या नावाखाली येथे कोणाला नाकारता येत नाही आणि दुःख विकावेही लागत नाही. त्याची किंमतही आहे. आनंदीबाईंनी ज्या बळावर प्रवेश मागितला, तो निर्धार नोंदवण्यास या अर्जात एकही रकाना नाही. अपवादाची भाषा येथे संपुष्टात आली आहे.

तरीही हा अर्ज पूर्णतः मुका नाही. प्रश्नपत्रिकेची भाषा निवडण्याचा एक रकाना त्यात आहे. २०२१ साली उपलब्ध भाषांची संख्या १३ झाली आणि त्यांत मराठीही आहे. परंतु मराठी प्रश्नपत्रिकेसाठी केंद्र महाराष्ट्रातीलच घ्यावे लागते, अशी माहितीपुस्तिकेची अट होती. बडोदे अथवा इंदूर येथील मराठी घरातल्या मुलीला आपल्या गावच्या केंद्रावर आपली भाषा निवडता येत नाही. भाषा ही व्यक्तीबरोबर चालते की राज्याच्या सीमेवर थांबते, या प्रश्नाचे उत्तर येथे एका यादीने परस्पर देऊन टाकले आहे.

चारही अर्ज एकत्र वाचले म्हणजे ध्यानात येते की अर्जाचा खरा कर्ता दुहेरी असतो. उत्तर अर्जदार लिहितो. प्रश्न संस्था लिहिते, आणि त्या प्रश्नांवर तिची सही नसते. आत्मपर लेखनाच्या अभ्यासात आपण आजवर उत्तरांचे वाचन केले. प्रश्नांचेही संहिता म्हणून वाचन व्हावयास हवे: त्यांचे पाठभेद, त्यांतून गळलेले शब्द, त्यांनी न ठेवलेल्या जागा यांसह. एकनाथांच्या अर्जदस्तात धन्याने ऐकावे अशी अपेक्षा होती. आजच्या अर्जात ऐकणारा कोण आहे हे दिसत नाही. त्याने काय ऐकायचे नाही असे ठरवले आहे, ते मात्र रकान्यांवरून वाचता येते.