गाडगेबाबांचा आवाज : उद्धृत कसा करावा?

१/ संत गाडगेबाबांनी ग्रंथ लिहिला नाही. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी अकोला जिल्ह्यातील दापुरे या मामांच्या गावी गुरे राखत, शेती करत वाढले. मग इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांचे शब्द उद्धृत करावेत ते कशावरून? हा धागा या प्रश्नाविषयी.

२/ नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्रे येथे बाबांचे कीर्तन झाले आणि ते ध्वनिमुद्रित झाले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक वलगाव येथे, पेढी नदीच्या काठी, बाबांचे निधन झाले. अस्सल वऱ्हाडी बोलीतील तो आवाज आज आपणांस ऐकता येतो.

३/ अडचण येथूनच सुरू होते. बाबांचे कीर्तन म्हणजे संवाद. ते प्रश्न विचारत, श्रोते उत्तर देत आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न उभा राही. वीस सेकंदांच्या तुकड्यात प्रश्न गळाला आणि उत्तर उरले, की उपरोध उपदेश ठरतो. छापील ग्रंथाचा पृष्ठांक देता येतो. ध्वनीचा ‘पृष्ठांक’ कोणता?

४/ चित्रपटाच्या संकलकांसमोर हाच प्रश्न होता. ३५ मिमी फिल्मच्या कडेवर क्रमांक छापलेले असत. एका फुटात १६ चौकटी. त्यामुळे नेमकी चौकट सापडे. १९५६ मध्येच अमेरिकेत अँपेक्स कंपनीचे व्हिडिओटेप यंत्र आले. पण टेपवर डोळ्यांना चित्र दिसत नाही, मोजायचे काय? १९६७ च्या सुमारास त्यावर टाइमकोडचा उपाय निघाला.

५/ टाइमकोडचे चार भाग : तास, मिनिटे, सेकंद, चौकट. ००:१२:०७:१८ म्हणजे बारा मिनिटे सात सेकंदांनंतरची १८ क्रमांकाची चौकट. भारतीय दूरचित्रवाणीत सेकंदाला २५ चौकटी, म्हणून शेवटचा आकडा ०० ते २४. अमेरिकी पद्धतीत प्रत्यक्ष वेग २९.९७ आणि मोजणी ३० ची. परिणामी तासाला १०८ क्रमांकांची, म्हणजे ३.६ सेकंदांची तफावत पडते. ती भरून काढण्यासाठी ‘ड्रॉप फ्रेम’ पद्धतीत ठरावीक क्रमांक वगळतात. चित्र एकही वगळले जात नाही. वगळले जातात ते केवळ आकडे.

६/ आता माझी चूक. बाबांचे कीर्तन बालपणी ऐकलेल्या वृद्धांच्या मुलाखती मी प्रबंधिकेसाठी चित्रित केल्या आणि संदर्भ लिहिताना टाइमलाइनवरील वेळ टिपली. पुढे आरंभीचा ४० सेकंदांचा गोंगाट काढून टाकला. त्यासरशी सारा मजकूर ४० सेकंद अलीकडे सरकला आणि माझा प्रत्येक संदर्भ खोटा ठरला. आजींचे वाक्य होते. परंतु मी सांगितलेल्या ठिकाणी नव्हते.

७/ बोध असा : टाइमलाइनचा टाइमकोड आपल्या संकलनाचा असतो, मूळ क्लिपचा टाइमकोड साधनाचा असतो. क्लिप कापा, हलवा, तिच्यासोबत मूळ क्रमांक कायम राहतो. इतिहासकाराने नोंदवायचा तो हाच.

८/ जुन्या ध्वनिफितीबाबत आणखी एक सावधगिरी हवी. फितीवर टाइमकोड नसतो. तो अंकीय प्रत करताना मिळतो. फीत किंचित जलद फिरली तर प्रत आखूड होते, म्हणून दोन प्रतींतील एकच वाक्य दोन वेगळ्या वेळी येऊ शकते. यास्तव चार गोष्टी लिहाव्यात : प्रत कोणती, तिची एकूण लांबी, उताऱ्याचा आरंभ व शेवट, आणि आरंभीचे दोन-तीन शब्द. आकडा चुकला तरी शब्दांवरून जागा सापडते.

९/ ज्यांनी बाबांना प्रत्यक्ष ऐकले ते आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. आपल्या वऱ्हाडातील अशा आजी-आजोबांना मोबाइलवर चित्रित करा. मात्र मूळ फाइल पुसू नका. आणि बाबांच्या नावाची क्लिप आली, तर पुढे पाठवण्यापूर्वी विचारा : ही कोणत्या प्रतीतली, कितव्या मिनिटाची, आणि हिच्याआधीचा प्रश्न काय होता?