कोकुगाकुइन विद्यापीठ

कोकुगाकुइन विद्यापीठ : शिंतो परंपरेतून उभे राहिलेले जपानमधील खाजगी विद्यापीठ. मुख्य आवार टोकियोच्या शिबुया प्रभागात हिगाशी भागातील टेकाडावर असून शिबुया स्थानकापासून पायी सुमारे पंधरा मिनिटांवर आहे. दुसरे आवार योकोहामा शहराच्या आओबा प्रभागात, तामा प्लाझा येथे. विद्यार्थी सुमारे १०,०००. शिंतो पौरोहित्याची पात्रता देणारी विद्यापीठे जपानमध्ये दोनच आहेत : एक हे आणि दुसरे इसे येथील कोगाक्कान विद्यापीठ. दोन्हींचा उगम १८८२ सालचा; पुढचा प्रवास मात्र फार वेगळा झाला.

मेइजी राजवटीने शिंतोला शासकीय प्रतिष्ठा दिली, पण त्या शिंतोचे स्वरूप काय असावे याबद्दल पुरोहितवर्गातच एकमत नव्हते. इसे आणि इझुमो या दोन महाक्षेत्रांच्या अनुयायांत कोणत्या देवतांना राष्ट्रीय उपासनेत स्थान द्यावे यावरून कडाक्याचा वाद झाला आणि १८८१ मध्ये तो खुद्द सम्राटाच्या निर्णयाने मिटवावा लागला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८२ मध्ये, शासकीय देवस्थानांच्या पुरोहितांना धर्मोपदेशाच्या कामातून मोकळे करण्यात आले. अंत्यविधी करण्यासही त्यांना मनाई झाली. उपदेश गेला, अंत्यसंस्कार गेले, उरले ते देवपूजेचे विधी आणि प्राचीन ग्रंथ. त्या ग्रंथांचे व विधींचे पद्धतशीर शिक्षण देण्यासाठी ४ नोव्हेंबर १८८२ रोजी कोतेन कोक्यूशो ही अभ्याससंस्था टोकियोतील इइदामाची येथे सुरू झाली. राजपुत्र आरिसुगावा ताकाहितो हे तिचे पहिले अध्यक्ष.

संस्थेची बौद्धिक बैठक अठराव्या शतकातील कोकुगाकु या विद्यापरंपरेची होती. कामो नो माबुची, मोतोओरी नोरिनागा (१७३०–१८०१) आदी पंडितांनी चिनी व बौद्ध विचारांचे थर बाजूला सारून ‘कोजिकी’, ‘मान्योशू’ यांसारख्या ग्रंथांतील मूळ जपानी भाषा व भावविश्व शोधण्याचा ध्यास घेतला होता. या परंपरेतून कट्टर राष्ट्राभिमान निपजला हे खरे. पण शब्दन् शब्द तपासून पाठ निश्चित करण्याची शिस्तही तिनेच जपानला दिली. विद्यापीठाने या दोन्ही गोष्टी वारशाने घेतल्या, आणि त्यांतली दुसरी अधिक टिकली.

न्यायमंत्री यामादा आकियोशी यांच्या कारकीर्दीत संस्थेला गती आली. १८८९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने निहोन कायदा विद्यालय निघाले. ते कोतेन कोक्यूशोच्याच वास्तूत भरत असे. आजचे निहोन विद्यापीठ ते हेच. १८९० मध्ये कोतेन कोक्यूशोतच कोकुगाकुइन सुरू होऊन राष्ट्रीय साहित्य, इतिहास व कायदा यांचे अध्यापन होऊ लागले. त्याच वर्षी ‘कोजि रुइएन’ या महाकोशाचे काम शिक्षण खात्याने संस्थेकडे सोपवले. जुन्या जपानी ग्रंथांतील उतारे विषयवार लावून सिद्ध केलेला हा कोश १८७९ मध्ये हाती घेतला गेला होता. काही वर्षांनी काम इसे महाक्षेत्राच्या प्रशासनाकडे गेले आणि १९१४ मध्ये ३० विभाग, १,००० खंड व मुद्रित स्वरूपात ५१ ग्रंथ असा त्याचा विस्तार पूर्ण झाला. सरकारे बदलली, संपादक बदलले, तरी पस्तीस वर्षे हे काम कोणी टाकून दिले नाही. जपानी विद्याव्यवहारातील चिकाटीचा याहून मोठा पुरावा क्वचितच सापडेल. ‘कोकुगाकुइन झाश्शी’ हे संस्थेचे नियतकालिक १८९४ पासूनचे.

१९२० मध्ये नव्या विद्यापीठ कायद्याखाली कोकुगाकुइनला विद्यापीठाचा पूर्ण दर्जा मिळाला. त्या वर्षी असा दर्जा लाभलेल्या खाजगी संस्थांत केइओ, वासेदा, मेइजी, होसेइ, चूओ, निहोन व दोशिशा यांचा समावेश होता. १९२३ मध्ये, म्हणजे कांतो महाभूकंपाच्याच वर्षी, विद्यापीठ शिबुयात आले. आवारातील देवालय १९३० चे असून तेथे सूर्यदेवता आमातेरासु ओमिकामी व स्वर्ग-पृथ्वीवरील सर्व देवता यांची प्रतिष्ठापना आहे.

विद्यापीठाचे नाव जपानबाहेर पोचले ते मुख्यतः त्याच्या लोकविद्या-परंपरेमुळे. ओरिगुची शिनोबु (१८८७–१९५३) हे येथलेच विद्यार्थी (पदवी १९१०) व १९२२ पासून प्राध्यापक. शाकु चोकू या नावाने ते कविता लिहीत. दूरच्या जगातून ठराविक काळी गावात येणारा आणि आशीर्वाद देऊन परतणारा पाहुणा-देव, ‘मारेबितो’, ही त्यांची कल्पना जपानी साहित्य, नाट्य व उत्सव यांच्या उगमाचा विचार करताना आजही टाळता येत नाही. ग्रंथातले वाक्य आणि खेड्यातला नाच ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, असे ओरिगुचींनी विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवले. त्यांचे शिष्य व दत्तक पुत्र हारुमी हेही येथे शिकवत. १९४५ मध्ये इवो जिमा बेटावरील लढाईत ते मारले गेले. हारुमींच्या मूळ गावी, इशिकावा प्रांतातील हाकुइ येथे, बापलेकांची एकत्र समाधी आहे. कादोकावा शोतेन या प्रकाशनसंस्थेचे संस्थापक कादोकावा गेन्योशी (१९१७–७५) आणि कवी ओकानो हिरोहिको हे ओरिगुचींच्या शिष्यवर्गातले. ऐनु लोकांच्या मौखिक महाकाव्यांचे संशोधक किंदाइची क्योसुके (१८८२–१९७१) यांनी येथे दीर्घकाळ अध्यापन केले. लोकसाहित्याचे अध्वर्यू यानागिता कुनिओ यांनी युद्धोत्तर काळात पदव्युत्तर वर्गांना शिकवले.

१५ डिसेंबर १९४५ रोजी दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने शासन आणि शिंतो देवस्थाने यांची फारकत करणारा आदेश काढला. १९४० पासून सरकारी विद्यापीठ असलेले कोगाक्कान १९४६ मध्ये बंद झाले आणि १९६२ मध्ये खाजगी संस्था म्हणून पुन्हा उघडले. कोकुगाकुइनवर ही पाळी आली नाही, कारण ते आधीपासून खाजगी होते. मूळ कोतेन कोक्यूशो मात्र विसर्जित झाली आणि तिच्यासह तीन संस्थांतून ३ फेब्रुवारी १९४६ रोजी जिंजा होंचो हा देवस्थानांचा संघ निघाला. देशातील सुमारे ८०,००० देवस्थाने आज त्याच्याशी संलग्न आहेत. १९८७ मध्ये योयोगी येथे जाईपर्यंत संघाचे मुख्यालय विद्यापीठाला लागूनच होते. नव्या शिक्षणपद्धतीनुसार १९४८ मध्ये विद्यापीठाची पुनर्रचना झाली. युद्धपूर्व काळात राष्ट्रवादी विचारांना येथे मोकळे रान होते आणि युद्धात येथील विद्यार्थी रणांगणावर पाठवले गेले. त्या काळाची चिकित्सा येथल्याच अभ्यासकांनी पुढे केली, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

पौरोहित्याचे शिक्षण २००२ पासून स्वतंत्र शिंतो विद्याशाखेत दिले जाते. पुरोहितांच्या श्रेणी पाच : जोकाई, मेइकाई, सेइकाई, गोनसेइकाई व चोक्काई. मोठ्या देवस्थानांचे प्रमुखपद मेइकाई श्रेणीवाल्यास मिळू शकते. विधींचा सराव ताताम्या (गवती चटया) अंथरलेल्या दालनात चालतो. पुढे जाताना आधी डावा पाय, मागे सरताना उजवा. उठताना उजवा, बसताना डावा, असा दंडक आहे. नमनाचेही अंश ठरलेले : पूर्ण वंदन ९०, खोल नमन ४५, लहान नमन १५. हातात शाकु ही अरुंद लाकडी पट्टी असते आणि ती धरण्याची, छातीशी आणण्याची रीत पुनःपुन्हा घोटून घेतली जाते. नोरितो म्हणजे देवापुढे म्हणावयाची प्रार्थना विद्यार्थ्याला प्राचीन भाषेत स्वतः रचावी लागते. ती लिहिताना मूळ शब्द मोठ्या अक्षरांत व प्रत्यय लहान अक्षरांत घालण्याची हजार वर्षांहून जुनी पद्धत पाळतात. व्याकरण, इतिहास आणि देहाची शिस्त यांचा एवढा घट्ट मेळ आधुनिक विद्यापीठात दुर्मीळच.

इतर विद्याशाखा : साहित्य, कायदा (१९६३), अर्थशास्त्र (१९६६), मानव विकास (२००९) व पर्यटन आणि समुदाय विकास (२०२२), शेवटच्या दोन तामा प्लाझा येथे. जपानी संस्कृती संशोधन संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली. तिने संपादित केलेला शिंतो कोश १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची इंग्रजी आवृत्ती महाजालावर विनामूल्य उपलब्ध असून शिंतोविषयी काही लिहू पाहणाऱ्या भारतीय अभ्यासकाने तेथूनच आरंभ करावा.

विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयाचे मूळ हिगुची कियोयुकी (१९०९–९७) यांनी विद्यार्थिदशेत, १९२८ मध्ये मांडलेल्या पुरातत्त्व दालनात आहे. प्रागैतिहासिक जोमोन काळातील मृद्भांडी, उत्सवांची साधने, नैवेद्याच्या प्रतिकृती व विद्यापीठाच्या इतिहासाची कागदपत्रे येथे आहेत. प्रवेश विनामूल्य. शिंतो पुरातत्त्व या ज्ञानशाखेची पायाभरणी करणारे ओबा इवाओ (१८९९–१९७५) हेही येथलेच. आवाराशेजारी हिकावा देवस्थान असून त्याच्या प्रांगणात सुमोचा आखाडा आहे.

उत्पन्न मुख्यतः विद्यार्थी शुल्कावर अवलंबून. शासकीय अनुदान मिळते. संलग्न संस्थांत ताकिकावा (होक्काइदो) येथील कनिष्ठ महाविद्यालय व टोकियोतील माध्यमिक शाळा यांचा समावेश होतो.

लांब पल्ल्याच्या सांघिक धावशर्यतींत (एकिदेन) विद्यापीठाचा संघ अलीकडे पुढे आला. इझुमो एकिदेन २०१९ मध्ये जिंकली. २०२० च्या हाकोने एकिदेनमध्ये तिसरा क्रमांक. २०२४ मध्ये इझुमो व अखिल जपान विद्यापीठ एकिदेन या दोन्ही शर्यती संघाने जिंकल्या. २०२५ च्या हाकोने शर्यतीत पुन्हा तिसरा.