तरवड : माळेतलं फूल, मोटेतली साल

नवरात्र आलं की आपल्या कोरडवाहू भागातल्या बायका फुलं आणायला माळावर जातात. ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला, मुरमाड रानात तरवड पिवळाधमक फुललेला असतो. त्याची माळ घटावर चढते. आज आम्ही या झुडपाचा इतिहास सांगणार आहोत. तो मात्र फुलापेक्षा सालीत जास्त आहे.

इंजिनं आणि विजेचे पंप येण्याआधी विहिरीचं पाणी मोटेनं काढत. बैल धावेवरून उतरले की भरलेली मोट वर यायची आणि थारोळ्यात रिकामी व्हायची. ही मोट चामड्याची. कच्चं कातडं पाण्यात कुजतं, म्हणून ते आधी कमवावं लागतं. त्यासाठी बाभळीची साल, हिरडा आणि तरवडाची साल वापरत. सालीतला तुरट अंश कातड्यात मुरला की ते टिकतं.

हे काम ढोर समाजाचं. कातडं चुन्यात भिजवायचं, केस काढायचे, मग पिशवीसारखं शिवून त्यात साल आणि पाणी भरून टांगायचं. काम कष्टाचं, वास उग्र. घरच्या बायकांचेही हात त्यात राबत. त्या मोटेवर गावाचे मळे भिजले. आणि गावानं काय केलं? या माणसांना वेशीबाहेर ठेवलं. ज्या विहिरीत त्यांनी कमावलेलं चामडं बुडत होतं, तिथल्या पाण्याला त्यांचा हात लागलेला चालत नव्हता.

याच समाजातले कक्कय्या बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांमध्ये मानानं बसले. मुंबईत धारावीला चामड्याचा धंदा वाढला, तिथं आजही संत कक्कय्या मार्ग आहे.

तमिळ मुलखात तरवडाला आवारम म्हणतात. एकोणिसाव्या शतकात त्याच्या सालीनं कमावलेली कातडी मद्रासहून जहाजानं इंग्लंडला जात. पुढं दक्षिण आफ्रिकेतून वॅटल झाडाची साल येऊ लागली, क्रोमची रासायनिक पद्धत आली. इकडं मोटेची जागा पंपानं घेतली. तरवडाच्या सालीला गिऱ्हाईक उरलं नाही.

फुलाचा मान मात्र टिकला. शेजारच्या तेलंगणात याच दिवसांत बायका बतुकम्मा रचतात, त्यात तरवड, म्हणजे तिथला तंगेडू, हवाच. ते त्या राज्याचं राज्यफूल आहे. श्रीलंकेत वाळलेल्या फुलांचा काढा चहासारखा पितात. मधुमेहावरही तरवड देतात असं आपण ऐकतो. पण मैत्रिणींनो, त्याच्या भरवशावर डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका.

आता लावायचा कसा, ते ऐका. शेंगा वाळून तपकिरी झाल्या की बी काढून ठेवा. बियांचं कवच टणक असतं. पाणी उकळून खाली उतरवा, थोडं निवलं की त्यात बी टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी फुगलेलं बी पेरणीला घ्या. पहिला चांगला पाऊस झाला की बांधावर तीन-तीन फुटांवर, एका खड्ड्यात दोन-तीन बिया, बोटाच्या एका पेरापेक्षा खोल नको. पाणी साचणारी जागा टाळा. रोप धरलं की खत मागत नाही, गुरं त्याला फारशी तोंड लावत नाहीत. मुळं बांधाची माती धरतात, पाला खताला होतो, फुलांवर भुंगे आणि मधमाश्या येतात.

फुलं तोडताना झुडूप ओरबाडू नका. थोड्या शेंगा धरू द्या, म्हणजे पुढचं बी मिळेल.

आणि या नवरात्रात माळ ओवताना लेकरांना फुलाबरोबर सालीची गोष्टही सांगा. ज्यांच्या हातांनी गावाला पाणी मिळालं, त्यांची आठवण त्या माळेत असू द्या. आपल्या गटात, आपल्या पाणवठ्यावर आजही कुणाला लांब बसावं लागतं का, तेही एकदा बघा.