तराजूतलं वजन हातात आलं

मागच्या बैठकीत तालुक्याहून आलेल्या एका ताईंनी आमच्यासमोर कडीचा लोखंडी गोळा ठेवला आणि म्हणाल्या, "हा केटलबेल. यानं ताकद वाढते." आमच्यातली एक जण लगेच बोलली, "रोज हंडे वाहतो, ते काय कमी आहे?" सगळ्या हसलो. पण प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर या गोळ्याच्या इतिहासातच आहे.

हा गोळा मूळचा तराजूतला. रशियात धान्य तोलायच्या लोखंडी वजनाला 'गिर्या' म्हणत. १७०४ सालच्या रशियन शब्दकोशात हा शब्द आहे. माप होतं 'पूड', म्हणजे सोळा किलोहून थोडं जास्त. बाजारात, जत्रेत लोक हीच वजनं उचलून ताकद अजमावू लागले. १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला डॉक्टर व्लादिस्लाव क्रायेव्स्की यांनी वजन उचलणाऱ्यांचं मंडळ काढलं, आणि बाजारातल्या खेळाला व्यायामाची शिस्त आली. पुढे तिथं किलो आले, पूड गेलं. तरी मोठे गोळे अजूनही १६, २४ आणि ३२ किलोचे मिळतात; म्हणजे एक, दीड आणि दोन पूड. आपला सोळा लिटरचा हंडा भरला, की झालं एक पूड!

मग हंड्यानं ताकद का वाढत नाही? हे सांगितलं अमेरिकेतल्या डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धात गुडघे जायबंदी झालेले सैनिक त्यांच्या दवाखान्यात होते. तेव्हा अशा रुग्णांना हलकं वजन पुष्कळ वेळा उचलायला लावत. डीलॉर्म यांनी वजन वाढवलं आणि खेपा कमी केल्या. पाय लवकर सुधारले. १९४५ मध्ये त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केलं. हलकं काम पुष्कळ वेळा केलं तर दम वाढतो; जड वजन थोड्या वेळा उचललं तर ताकद वाढते, असं त्यांचं म्हणणं.

व्यायामातले शब्द इथूनच कळतात. एकदा उचलून खाली ठेवलं, ते एक 'रेप'. असे दहा सलग केले, तो एक 'सेट'. मग विसावा. १९४८ मध्ये डीलॉर्म आणि त्यांचे सहकारी वॉटकिन्स यांनी तीन सेट ठरवले: दहा वेळा जेमतेम उचलता येईल त्या वजनाच्या निम्म्यानं पहिला, पाऊण वजनानं दुसरा, पूर्ण वजनानं तिसरा. ते सोपं वाटू लागलं, की वजन थोडं वाढवायचं. याला म्हणतात 'वाढता भार'.

आता हंडा पाहा. वजन तेच, खेपा घरच्या गरजेनुसार, आणि विसावा कुणी देत नाही. दुखत असलं तरी पाणी आणावंच लागतं. हंडा आपल्याला दमवतो, पण आपला विचार करत नाही. गोळ्याचं वजन, खेपा आणि विसावा मात्र आपण ठरवतो. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा ही ताकद उपयोगी पडते.

आम्ही चार किलोच्या गोळ्यानं सुरुवात केली आहे. पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकायचं, श्वास कोंडायचा नाही. गरोदर असाल, रक्तदाब असेल किंवा अंग बाहेर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

त्या दिवशी हसलेली आमची मैत्रीण आता पहिला सेट स्वतः मोजते. आणि दहा झाले, की मुद्दाम बसते.