नोर्ग्येलिंग : झाडीपट्टीतले तिबेटी गाव

गोंदिया जिल्हा म्हटला की धान, तळी आणि राईस मिली डोळ्यांपुढे येतात. याच जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात, १९७२ पासून तिबेटी निर्वासितांचे एक गाव नांदते आहे. त्याचे नाव नोर्ग्येलिंग. तिबेटी भाषेत ‘नोर’ म्हणजे संपत्ती आणि ‘लिंग’ म्हणजे स्थान. तिबेटी जगात मात्र ही वसाहत आजही ‘भंडारा’ म्हणूनच ओळखली जाते, कारण ती वसली तेव्हा हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. गाव जागचे हलले नाही, जिल्हा मात्र बदलला. देश सुटलेल्या माणसांच्या वाट्याला हेही एक स्थलांतर आले, असे मला वाटते.

आपल्याकडे निर्वासितांचा इतिहास बहुधा येण्याच्या क्षणापाशी थांबतो. सीमा ओलांडली, छावणी मिळाली, जमीन मिळाली, संपले. मला कुतूहल आहे ते त्यानंतरचे. परका माणूस एखाद्या गावात रोजचे जगणे कसे उभे करतो आणि तो परका असणे नेमके कधी संपते?

मार्च १९५९ मध्ये ल्हासा येथील उठाव चिरडला गेला. दलाई लामा त्या महिन्याच्या अखेरीस तवांगच्या बाजूने भारतात आले. त्यांच्यामागून सुमारे ऐंशी हजार लोक आले. आसामातील मिसामारी आणि बंगालमधील बक्सा येथे तात्पुरत्या छावण्या उभ्या राहिल्या. धडधाकट माणसे हिमालयातील रस्त्यांच्या कामावर गेली. पण रस्ता पुढे सरकला की तंबूही पुढे सरकायचा. अशा जगण्यात भाषा, धर्म आणि मुलांचे शिक्षण टिकणे कठीण होते. म्हणून शेतीवर आधारलेल्या कायम वसाहतींची कल्पना पुढे आली. १९६० मध्ये कर्नाटकातील बैलकुप्पे येथे पहिली वसाहत सुरू झाली. मग मैनपाट, चंद्रगिरी, मुंडगोड अशी मालिका लागली. आपले नोर्ग्येलिंग या मालिकेतले, उशिरा आलेले.

बर्फाच्या पठारावरून आलेल्यांसाठी हा मुलूख सोपा नव्हता. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांना भिडतो, आणि पावसाळ्यात जंगलालगतच्या गावांना हिवतापाची भीती. तिबेटी शेतकऱ्याचे पीक सातू. भाजलेल्या सातूचे पीठ, म्हणजे ‘त्साम्पा’, हे त्याचे रोजचे अन्न. झाडीपट्टीत पीक धानाचे. पऱ्हे टाकायचे, बांधीत चिखल करायचा, गुडघाभर पाण्यात वाकून रोवणी करायची, हे शास्त्रच वेगळे. पाण्याचा हिशेबही वेगळा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तळी आणि बोड्या बांधून हा प्रदेश पिकता ठेवला. कोलू पाटलांच्या नावाने सांगितला जाणारा नवेगावचा बांध हे त्याचे मोठे उदाहरण. गोठणगावजवळ गाढवी नदीवरचा इटियाडोह प्रकल्प हा त्या परंपरेचा आधुनिक अवतार. पिढ्यांनी जमवलेले हे पाण्याचे शहाणपण नव्या माणसाला शेजाऱ्यांकडूनच घ्यावे लागते.

शेतीने पोट भरते, पण वर्ष निघत नाही. कोरडवाहू जमिनीवरच्या अनेक तिबेटी वसाहतींचा हा अनुभव आहे. त्यावरचा उपाय आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. दिवाळीच्या सुमारास शहराशहरांत तिबेटी स्वेटरवाल्यांच्या रांगा लागतात. पुष्कळसा माल लुधियान्याच्या कारखानदारांकडून उधारीवर उचललेला असतो आणि हंगाम संपल्यावर पैसे चुकते होतात. कागदोपत्री पतच नसलेल्या माणसांचा एवढा व्यापार केवळ शब्दावर चालतो, ही भारतीय बाजाराच्या इतिहासातली नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

पण या उपायाची किंमत आहे. धान कापणीला येते नेमके त्याच वेळी स्वेटरचा हंगाम सुरू होतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दंडार आणि नाटके रंगतात, लेकी माहेरी येतात. या दिवसांत आमची गावे भरतात आणि व्यापाराला निघालेले तिबेटी कुटुंब त्याच दिवसांत आपले घर सोडते. त्यांचा घरी परतण्याचा सण म्हणजे लोसार, तिबेटी नववर्ष. ते येते फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. प्रतापगडची महाशिवरात्रीची यात्रा साधारण त्याच दिवसांतली. एकाच तालुक्यात दोन पंचांगे चालतात, आणि बाजार त्यांच्यात ये-जा करतो.

धर्माच्या बाबतीतही असेच. विदर्भ हा १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचा प्रदेश. येथल्या बौद्धांचा बुद्ध बाबासाहेबांच्या मार्गाने आलेला, समतेचा आणि विवेकाचा; तिबेटी बुद्ध गोम्पातला, लामांच्या परंपरेतला. दोघांची उपासना निराळी, शरण मात्र एकालाच. मूळचे जपानी असलेले भदंत सुरेई ससाई १९६० च्या दशकात नागपुरात आले, येथल्या बौद्धांत मिसळून गेले आणि पुढे भारतीय नागरिकही झाले. एकट्या माणसाला परका मुलूख असा कुशीत घेऊ शकतो. अख्ख्या गावाचे तसे होत नाही. गावाला आपली भाषा, देव आणि परतीची आशा हे सगळेच सांभाळायचे असते.

येथे तुलना मनात येते ती याच तालुक्यातल्या बंगाली वसाहतींची. पूर्व पाकिस्तानातून आलेली ती कुटुंबेही निर्वासितच. त्यांचेही हाल कमी झाले नाहीत. पण फाळणीच्या हिशेबात त्यांना येथेच राहायचे आहे, हे गृहीत होते. तिबेट्यांबाबत उलटे गृहीत होते, की ते एक दिवस परत जातील. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. कायद्याने तिबेटी माणूस परदेशी नागरिक ठरला. त्याला नोंदणी प्रमाणपत्र मिळाले. त्याचे नूतनीकरण पूर्वी वारंवार करावे लागे, अलीकडे मुदत वाढली. प्रवासासाठी पासपोर्टऐवजी वेगळे ओळखपत्र.

याचा अर्थ असा, की गोंदियात जन्मलेला, हिंदी-मराठी बोलणारा, रोवणीचे दिवस ओळखणारा पन्नाशीचा माणूसही कागदावर परका. वास्तविक नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक ठरते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या पासपोर्ट प्रकरणात हेच मान्य केले. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशांची नावे मतदार यादीत घेण्याची सूचना दिली. दार उघडले असे वाटले. पण २०१७ मध्ये पासपोर्टसोबत अटी आल्या. नोंदणी प्रमाणपत्र परत करायचे, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडायच्या आणि तिबेटी वसाहतीत राहायचे नाही.

या शेवटच्या अटीचा अर्थ एखाद्या गावाच्या संदर्भात लावून पाहावा. देश मिळवायचा तर गाव सोडायचे. आईवडिलांनी ज्या घरात पहिली वीट लावली ते घर, गोम्पा, शेजार, सगळे. गाव राखायचे तर परके राहायचे. म्हणून नागरिकत्वाचा हक्क असूनही अनेकांनी तो न मागणे हे मला उदासीनतेचे लक्षण वाटत नाही. काहींसाठी ती तिबेटशी निष्ठा आहे, काहींसाठी नोर्ग्येलिंगसारख्या गावाशी. तरुण पिढी शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी महानगरांकडे, पुढे परदेशाकडे जाते आहे. वसाहती विरळ होत आहेत. ज्या गावासाठी कागद नाकारला ते गावच रिकामे झाले तर काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे आज उभा आहे.

माझ्या मते परकेपण दोन प्रकारचे असते. एक हवेचे, जेवणाचे, भाषेचे. ते माणसे आपसांत मिटवतात, आणि झाडीपट्टीने ते एका पिढीत बरेचसे मिटवले. दुसरे कागदाचे. ते शेजाऱ्याला मिटवता येत नाही. जिल्ह्याचा इतिहास लिहिताना आपण नवेगावचा बांध लिहितो, प्रतापगडचा किल्ला लिहितो. त्यात नोर्ग्येलिंगही हक्काने यायला हवे, ‘येथे निर्वासित राहतात’ अशा तळटीपेत नव्हे, तर जिल्ह्यातले एक गाव म्हणून. कायद्याचे काम कायदा करील. एवढे तरी आपल्या हातात आहे.