एक वाडा, अनेक पिढ्या : वर्धा भागातील एकत्र कुटुंबाचा पूर्वेतिहास

वर्धा शहराला लागून सावंगी हे गाव आहे. सावंगी नावाची गावे विदर्भात अनेक असल्यामुळे ह्या गावास सावंगी (मेघे) असे म्हणण्याचा प्रघात पडला. तेच आडनाव जवळच्या बोरगाव, सिंदी, उमरी, पिपरी ह्या गावांच्या नावांपुढेही कंसात लिहिलेले आढळते. गावाची ओळख घराण्याच्या नावाने सांगावी लागते, ह्यावरून ह्या मुलखात घराणे ही संस्था किती भरभक्कम होती, हे ध्यानी येईल. आपल्या ज्ञातीतील वृद्ध मंडळी 'पूर्वी एका घरात चार चार पिढ्या नांदत' असे अभिमानाने सांगतात. त्या नांदण्यामागे प्रेम व वडीलधाऱ्यांचा धाक होताच. परंतु केवळ तेवढ्यावर चार पिढ्या एका छपराखाली राहत नाहीत. त्यामागे जमिनीचा कायदा होता, आणि त्याचीच हकिकत येथे थोडक्यात द्यावयाची आहे.

इ. स. १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८६२ साली वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्या दशकातील जमाबंदीत गावच्या मालगुजारांना गावाचा मालकी हक्क मिळाला. हा हक्क वंशपरंपरेने चाले आणि गावाचे सोळा आणे धरून हिस्सेदारांत विभागला जाई. कोणाचे आठ आणे, कोणाचे चार, तर कोणाचे पैपैशांत मोजण्याइतके. सरकारात सारा भरण्याची जबाबदारी मात्र लंबरदार ह्या एकाच हिस्सेदारावर असे. सरकारास जाब देणारा एक, कुळांकडून वसुली करणारा एक, आणि धान्याच्या कोठीची किल्लीही बहुधा त्याच्याच घरातील वडील स्त्रीच्या कमरेला! अशा स्थितीत भावाभावांनी वेगळे होण्यापेक्षा एकत्र राहणेच सोयीचे ठरे. त्यातच कापसाचे पीक. पेरणीपासून वेचणीपर्यंत जितके हात तितके थोडे. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचल्यावर कापसाचा व्यापार वाढला आणि मोठ्या घराची किंमत आणखी वाढली.

त्या काळच्या वाड्याची ठेवण पुष्कळांना आठवत असेल. पुढे सपरी, तीत पुरुषांची बैठक. आत माजघर व देवघर. मागे विहीर, बैलांचा कोठा आणि कडब्याची गंजी. घर वेगळे झाले की नाही हे भिंतीवरून कळत नसे, चुलीवरून कळे. 'त्यांची चूल वेगळी झाली' एवढे म्हटले की गावाला सारे उमजे. चूल वेगळी झाली तरी शेत पुष्कळ वर्षे सामाईक राही, आणि शेत वाटले गेले तरी देव वाटले जात नसत. महालक्ष्म्या थोरल्या घरीच बसत. धाकटी भावंडे बायकामुलांसह तेथेच जेवावयास जात.

ह्या व्यवस्थेत स्त्रियांची जागा कोणती होती, हा प्रश्न आपण सहसा टाळतो. मिताक्षरेप्रमाणे पुत्रास वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच हिस्सा, कन्येस लग्नापुरता खर्च, विधवेस अन्नवस्त्र. ज्या माउलीने वीस माणसांच्या भाकरी भाजल्या, तिचा त्या घराच्या एका विटेवरही हक्क नव्हता. १९३७ च्या कायद्याने विधवेस पतीचा हिस्सा तहहयात भोगण्यापुरता मिळाला. परंतु प्रांतांतील शेतजमिनीस तो लागू नाही, असे १९४१ साली फेडरल कोर्टाने ठरविले आणि त्यासाठी प्रांतांना निराळे कायदे करावे लागले. शिकलेल्या मुलाची सोय मात्र आधीच झाली होती. कुटुंबाच्या खर्चाने वकील झालेल्या मुलाची कमाई त्याची स्वतःची, असे १९३० च्या विद्याधनाच्या कायद्याने ठरले. सून सर्वांत शेवटी, हे आमच्या समाजाला शोभणारे खचितच नव्हते.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपुष्टात आली. घरची सीर व खुदकाश्त जमीन राहिली, गावावरील हक्क मात्र गेला, आणि लंबरदाराच्या सहीने बांधलेली गाठ सैल झाली. १९६१ च्या जमीनधारणेच्या कायद्यात पाचांहून अधिक माणसे असलेल्या कुटुंबास दर जास्तीच्या माणसामागे एक षष्ठांश अधिक जमीन, मर्यादेच्या दुपटीपर्यंत, ठेवता येई. म्हणजे मोठ्या घराचा मान कायद्यानेही थोडासा राखला. १९७५ पासून मात्र कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान मुले, असे मोजमाप आले.

१९५६ च्या वारसा कायद्याने कन्येस वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला. पण त्याचे तेविसावे कलम वाड्याच्या दारात उभे राहिले. घरातील पुरुष वारस आपसांत वाटणी करीत नाहीत तोवर स्त्री वारसास राहत्या घराची वाटणी मागता येणार नाही, असे ते सांगे. मुलीस राहण्याचा हक्क होता, तोही ती अविवाहित, विधवा किंवा पतीने टाकलेली वा त्याच्यापासून विभक्त असेल तरच. हे कलम २००५ साली रद्द झाले. तत्पूर्वी महाराष्ट्राने १९९४ मध्ये त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी लग्न न झालेल्या मुलींना सहदायाद केले होते. ९ सप्टेंबर २००५ पासून कन्या जन्मतःच पुत्राप्रमाणे सहदायाद झाली. वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

सावंगीत १९९० साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, पुढे मोठे रुग्णालय झाले, आणि शहर गावापर्यंत आले. शहरालगतच्या गावांत एकरावर मोजली जाणारी जमीन आता चौरस फुटांवर मोजली जाते. अशा वेळी बहिणीकडून हक्कसोडपत्र घेण्याची घाई पुष्कळ घरांत दिसते. राखीच्या दिवशी ओवाळणी घालावयाची आणि दुसऱ्या दिवशी तिला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत न्यावयाचे, ही रीत प्रस्तुत लेखकास पटत नाही. तिला सोडावयाचे असेल तर तिने सोडावे. पण काय सोडते आहे, ते तिला आधी वाचून दाखवावे.

आपल्या ज्ञातीतील जुन्या घरांच्या पेट्यांत बंदोबस्ताच्या मिसली, वाजिब-उल-अर्जच्या नकला, आण्यापैचे हिशेब आणि वाटणीपत्रे अजून असण्याचा संभव आहे. वाडा पाडण्यापूर्वी हे कागद उन्हात घालून, कापडात बांधून ठेवावेत. वाटणीपत्राच्या शेवटच्या ओळींत बहुधा विहीर, देवघर आणि वाट सामाईक ठेवल्याचे लिहिलेले असते. ते मुलींनाही वाचावयास द्यावे.