वळिवडेची पोलिश मुले आणि गावकुसाबाहेरची आपली मुले

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत स्त्रिया आणि मुलेच जास्त. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना सैबेरिया, कझाकस्तानात हद्दपार केले होते. तेथून इराणमार्गे ते इथे आले. अनेक मुलांचे आईबाप वाटेतच गेले.

ही मुले परमुलखात सावरली कशी? केवळ दयेवर नाही. छावणीत त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, दवाखाना, चर्च, स्काऊट पथके होती. महायुद्ध संपले, पण त्यांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली. तरीही शिकलेली ही पोरे पुढे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडात उभी राहिली.

या आसऱ्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण याच कोल्हापूर संस्थानात १९२० साली माणगाव परिषद भरवावी लागली होती. १९३१ साली बाबासाहेबांनी गांधीजींना सुनावले की, आपल्याला मायभूमीच नाही. निर्वासितांची छावणी पाच वर्षांत उठली. आमचा गावकुसाबाहेरचा मुक्काम पिढ्यानपिढ्यांचा.

म्हणून वसतिगृह आणि शिष्यवृत्ती मागताना आम्ही उपकार मागत नाही. उखडलेले मूल शाळेच्या आधाराने उभे राहते, हे वळिवडेने दाखवून दिले आहे. मग आमच्याच मुलांची शिष्यवृत्ती का रखडते?

जय भीम!